एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिके व विस्मृत ग्रंथ

मराठी मुद्रित गद्याची घडण प्रथम नियतकालिकांतून झाली, ग्रंथांतून ती नंतर दिसू लागली. १८३२ मध्ये दर्पण निघाले, तेव्हापासून शतकाच्या अखेरीपर्यंत निबंध, कथा, कादंबरी, इतिहासलेखन, ग्रंथपरीक्षण आणि आधुनिक कविता ह्या सर्वांचा पहिला आसरा पाक्षिक, साप्ताहिक वा मासिक हाच होता. त्या काळी मासिकाला ‘मासिक पुस्तक’ म्हणत. वर्षाच्या अंकांना सलग पृष्ठांक देऊन ते एकत्र बांधून ठेवण्याची रीत असल्यामुळे नियतकालिक व ग्रंथ ह्यांतील सीमारेषा आजच्याइतकी स्पष्ट नव्हती. वाङ्मयेतिहासाची मांडणी मात्र पुढे ग्रंथ व ग्रंथकार ह्यांच्या अनुरोधाने झाली. त्यामुळे जे अंकांतच राहिले ते नजरेआड झाले. जे ग्रंथरूपाने निघाले, पण तत्कालीन अभिरुचीने ‘वाङ्मय’ म्हणून स्वीकारले नाही, त्याचीही गत तशीच झाली. ह्या दुहेरी विस्मृतीत शतकातील काही अत्यंत जिवंत गद्य गडप झाले होते.

बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) ह्यांचे दर्पण इंग्रजी व मराठी अशा दोन स्तंभांत निघे. दिग्दर्शन (१८४०) ह्या त्यांच्या मासिकाचा रोख शास्त्रीय व भौगोलिक माहितीवर होता. भाऊ महाजन (१८१५–९०) ह्यांनी १८४१ मध्ये प्रभाकर हे साप्ताहिक काढले. १८४२ मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांचे ज्ञानोदय अहमदनगरला सुरू झाले. १८५० मध्ये मराठी ज्ञानप्रसारक, १८६७ मध्ये विविधज्ञानविस्तार, १८७४ मध्ये निबंधमाला, १८७८ मध्ये काव्येतिहाससंग्रह, १८८७ मध्ये जळगावची काव्यरत्नावली, १८९० मध्ये करमणूक व १८९५ मध्ये मनोरंजन अशी ही परंपरा सांगता येते. ह्यांतील बहुतेकांचे वर्गणीदार मोजके असत. संपादकालाच लेखक, मुद्रितशोधक व व्यवस्थापक व्हावे लागे. दीर्घकाळ टिकलेले मासिक हा अपवादच होता. विविधज्ञानविस्तार १९३७ पर्यंत चालले, ही गोष्ट म्हणूनच असामान्य मानावी लागते.

नियतकालिकाच्या गरजेने लेखनाचे रूप कसे ठरत होते, ह्याचे ठळक उदाहरण म्हणजे गोपाळ हरि देशमुख (१८२३–९२) ह्यांची शतपत्रे होत. ‘लोकहितवादी’ ह्या टोपणनावाने १८४८ ते १८५० ह्या काळात ती प्रभाकरमध्ये प्रसिद्ध झाली. रूढ नाव शतपत्रे असले, तरी त्यांची संख्या १०८ आहे. ती सलग ग्रंथ म्हणून वाचणाऱ्यास पुनरुक्ती फार जाणवते. ब्राह्मणांचे अज्ञान, आळस, निरर्थक पाठांतर, दक्षिणेची लालसा हे विषय पुन:पुन्हा येतात, वाक्ये तुटक आहेत, प्रतिपादन अर्ध्यावर थांबून दुसरीकडे वळते. परंतु हे दोष संग्रहाचे आहेत, पत्रांचे नव्हेत. एकेक पत्र स्वतंत्र अंकात, ताज्या बातम्यांच्या शेजारी वाचावयाचे होते. मागील पत्र विसरलेल्या वा न वाचलेल्या वाचकासाठी तीच गोष्ट नव्या दाखल्यासह पुन्हा सांगणे भाग होते. पाल्हाळाला जागा नसल्यामुळे जो रोकठोकपणा आला, तो मराठी गद्याला तोवर अपरिचित होता. पंतोजी वळणाच्या अनुवादित गद्याशेजारी ही पत्रे ठेवून पाहिली, म्हणजे त्यांचे मोल कळते.

ज्ञानोदय हे धर्मप्रसारासाठी चालविलेले पत्र म्हणून वाङ्मयेतिहासात त्याचा ओझरता निर्देश होत असे. त्याच्या १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत ‘मांग महाराच्या दुःखाविषयी’ हा निबंध छापला गेला. त्याची लेखिका मुक्ता ही मांग जातीतील, जोतीराव फुले (१८२७–९०) ह्यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी चौदा वर्षांची विद्यार्थिनी होती. वेद केवळ ब्राह्मणांचे म्हटले, तर आपल्याला धर्मग्रंथच उरत नाही आणि मग आपला धर्म कोणता, असा तिचा प्रश्न आहे. पेशवाईच्या अखेरच्या काळातील अत्याचारांची ती जी जंत्री देते, ती समाजाच्या स्मृतीतून आलेली आहे. उघड्यावर, थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख ती करते, तेव्हा निबंधाचा सूर वादाचा न राहता साक्षीचा होतो. युक्तिवाद, उपहास व प्रत्यक्ष अनुभव ह्यांचा इतका सहज मेळ त्या दशकातील प्रौढ व नामांकित निबंधकारांनाही क्वचितच साधला आहे. ह्या लेखनाकडे केवळ सामाजिक दस्तऐवज म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. तो अपुरा आहे. निबंध म्हणूनच त्याची योग्यता मोठी आहे. विसाव्या शतकात दलित साहित्याची चर्चा सुरू झाल्यावर त्याकडे पुन्हा लक्ष गेले.

वाङ्मयीन दृष्टी असलेले पहिले महत्त्वाचे मासिक विविधज्ञानविस्तार हे होय. रामचंद्र भिकाजी गुंजीकर (१८४३–१९०१) ह्यांनी ते १८६७ मध्ये सुरू केले व पहिली सात वर्षे त्याचे संपादन केले. गुंजीकर हे व्याकरण, भाषाशास्त्र, लिपी, संस्कृत नाटक अशा अनेक विषयांत गती असलेले अध्यापक होते. त्वरालेखनाच्या पद्धतीवरही त्यांनी पुस्तक लिहिले आहे. त्यांची मोचनगड ही कादंबरी ह्या मासिकातून क्रमशः येऊन १८७१ मध्ये ग्रंथरूप झाली आणि मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिचा लौकिक झाला. हा ‘पहिलेपणा’ तिला एका परीने बाधलाच. संदर्भग्रंथांत नाव येऊन चुकल्यामुळे ती वाचण्याचे प्रयोजन उरले नाही. वास्तविक तिचे वैशिष्ट्य प्रथमत्वात नसून संयमात आहे. शिवकालासारखा विषय हाती असूनही लेखकाने वीररसाचा पूर येऊ दिलेला नाही; गड, त्याची तटबंदी, पहारे आणि गडाच्या आश्रयाने राहणारी माणसे ह्यांत त्याचे मन रमते. पुढील काळातील ऐतिहासिक कादंबरीने हा मार्ग फारसा अनुसरला नाही, हे तिचे नुकसानच म्हणावे लागेल.

ह्याच मासिकाच्या आरंभीच्या काळात नीळकंठ जनार्दन कीर्तने ह्यांनी ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासावर केलेली टीका वाचकांपुढे आली. मूळ साधने तपासल्याखेरीज परकीय ग्रंथकाराचा निर्णय मान्य करू नये, ही भूमिका तीत स्पष्टपणे मांडलेली आहे. राजवाडे, खरे, पारसनीस ह्यांच्या कार्याची ही पूर्वपीठिका होय. काशिनाथ बाळकृष्ण मराठे ह्यांचा ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ १८७२ चा. ‘कादंबरी’ हा शब्द अद्याप सर्वत्र रुळलेला नव्हता, हे त्याच्या शीर्षकावरूनच दिसते. नव्या वाङ्मयप्रकाराला नाव मिळण्यापूर्वीच त्याची चिकित्सा सुरू झाली होती.

ह्या चिकित्सेची गरज का भासली, हे पाहण्यासाठी कादंबरीच्या आरंभकाळाकडे वळले पाहिजे. लक्ष्मणशास्त्री हळबे (१८३१–१९०४) ह्यांची मुक्तामाला (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड ह्यांची मंजुघोषा (१८६८) ह्या अद्भुतरम्य कादंबऱ्या अत्यंत लोकप्रिय झाल्या. मंजुघोषेच्या प्रस्तावनेत रिसबुडांनी एक विलक्षण विधान केले आहे. आपल्या विवाहपद्धतीमुळे व अन्य कारणांनी हिंदूंच्या जीवनात चित्ताकर्षक असे गुणही आढळत नाहीत आणि दुर्गुणही आढळत नाहीत. नित्याच्या अनुभवातील गोष्टी लिहिल्या, तर त्यांत मनोरंजन होण्याजोगे काहीच नसते. म्हणून लेखकाला अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो, असा त्याचा आशय आहे. कादंबरीच्या अभ्यासकांनी ह्या विधानाकडे वारंवार लक्ष वेधले आहे आणि ते प्रामाणिकपणाचे द्योतक म्हणून वाखाणलेही आहे. परंतु ते सत्य होते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला.

त्याचे उत्तर मंजुघोषेपूर्वी अकरा वर्षे छापले गेले होते. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) ह्यांची यमुनापर्यटन ही कादंबरी १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. हिंदू विधवांच्या स्थितीचे निरूपण हा तिचा घोषित हेतू आहे. यमुना ही सुशिक्षित तरुणी पतीबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या ऐकते, पाहते. पुढे तिलाच वैधव्य येते. शेवटी ती ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करते. प्रवासाच्या सैल धाग्यात कहाण्या ओवण्याची ही रचना कलादृष्ट्या ओबडधोबड आहे आणि अखेरचा भाग उपदेशाच्या भाराने वाकलेला आहे. तथापि सोवळ्या बाईचे घरातील स्थान, केशवपनाची भीती, सासरच्या माणसांचे बोलणे, शेजारणींची कुजबूज हे सर्व ज्या बोलीत येते, ती घरातली बोली आहे. रिसबुडांना हिंदू जीवनात जे सापडले नाही, ते पदमनजींना एका प्रवासात पानोपानी सापडले. फरक जीवनात नव्हता. कोणत्या जीवनाकडे पाहावयाचे, ह्या निर्णयात होता. पदमनजी धर्मांतरित होते म्हणून त्यांचा ग्रंथ ‘प्रचार’ ठरला. मंजुघोषा मात्र ‘वाङ्मय’ ठरली. ह्या वर्गवारीमुळे वास्तववादी कादंबरीचा आरंभ हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) ह्यांच्यापासून, जणू अचानक, झाला असे चित्र रूढ झाले. आपट्यांची पण लक्षांत कोण घेतो ? ही कादंबरी १८९० पासून करमणूक पत्रातून आली. तिच्या नायिकेचे नावही यमुना हेच आहे आणि तिची कहाणीही वैधव्याकडे जाते. येथे प्रभाव सिद्ध करण्याचे प्रयोजन नाही. आपट्यांची कलात्मक झेप पदमनजींच्या आवाक्याबाहेरची आहे, ह्यातही शंका नाही. परंतु दोन यमुनांमधील तेहतीस वर्षे रिकामी नव्हती.

त्या वर्षांतील सर्वांत प्रखर ग्रंथ म्हणजे ताराबाई शिंदे ह्यांचा स्त्रीपुरुषतुलना (१८८२). ताराबाई वऱ्हाडातील बुलढाण्याच्या. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी ह्या तरुण विधवेला भ्रूणहत्येबद्दल देहान्ताची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली. ह्या प्रकरणावरून वृत्तपत्रांतून स्त्रीजातीची जी निर्भर्त्सना चालली होती, तिला उत्तर म्हणून हे पुस्तक लिहिले गेले. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या ५०० प्रती छापल्या होत्या व किंमत नऊ आणे होती. म्हणजे हे पुस्तकही नियतकालिकांतील वादातूनच जन्मले. जे दुर्गुण स्त्रीच्या माथी मारले जातात, ते एकेक करून पुरुषांत दाखवून देणे ही त्याची साधी योजना आहे. ताकद आहे ती भाषेत. म्हणी, टोमणे, ओव्यांची लय, पुराणकथांचे उलटे दाखले आणि मध्येच देवालाच विचारलेला जाब ह्यांनी हे गद्य धगधगते. समकालीन कथा-कादंबऱ्यांतून व नाटकांतून स्त्रियांचे जे चित्र रंगविले जाई, त्याचीही लेखिकेने झडती घेतली आहे. त्या दृष्टीने पाहता, मराठी कथावाङ्मयाच्या आद्य टीकाकारांत तिचे नाव यावयास हवे होते. ते आले नाही. फुल्यांनी सत्सारच्या दुसऱ्या अंकात (१८८५) तिची बाजू घेतली, त्यानंतर सुमारे नव्वद वर्षे हा ग्रंथ जवळजवळ अज्ञात राहिला. स. गं. मालशे ह्यांनी १९७५ मध्ये तो पुन्हा प्रकाशात आणला आणि रोझालिंड ओहॅनलन ह्यांच्या इंग्रजी अनुवादामुळे (१९९४) तो महाराष्ट्राबाहेर अभ्यासला जाऊ लागला. ताराबाईंचा दुसरा ग्रंथ उपलब्ध नाही.

माहितीपर म्हणून बाजूस पडलेल्या ग्रंथांत गोविंद नारायण माडगांवकर (१८१५–६५) ह्यांचे मुंबईचे वर्णन (१८६३) अग्रगण्य होय. ते इतिहास नाही, निव्वळ मार्गदर्शिकाही नाही. बाजार, गोद्या, देवळे, आगगाडी, नाना जातींचे पेहराव आणि धंदे ह्यांच्याकडे कुतूहलाने पाहणाऱ्या, मोजमाप करणाऱ्या आणि मधूनच थक्क होणाऱ्या शिक्षकाचे ते लेखन आहे. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला सोन्याचे मोल आले, त्या वर्षांतील शहर त्यात गोठलेले सापडते. मोरोबा कान्होबा विजयकर ह्यांचे घाशीराम कोतवाल हेही १८६३ चेच. विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकाची ओळख असणारा वाचक ते उघडील, तर चकित होईल. त्यात कोतवालाचे चरित्र निमित्तमात्र असून नाना विषयांवरील ज्ञानवर्धक संभाषणेच अधिक आहेत. कुतूहल म्हणून ते जपावे. कलाकृती म्हणून त्याचा फार आग्रह धरण्यात अर्थ नाही.

ह्या विस्मृतीची कारणे काही अंशी संस्थात्मक होती. दक्षिणा प्राइझ कमिटीची बक्षिसे आणि शिक्षणखात्याची खरेदी ह्यांवर ग्रंथप्रकाशन मोठ्या प्रमाणात अवलंबून होते, आणि ह्या यंत्रणेला मान्य होणारे वळण ठरलेले होते. फुल्यांनी १८५५ मध्ये लिहिलेले तृतीय रत्न हे नाटक दक्षिणा कमिटीकडे पाठविले होते; ते स्वीकारले गेले नाही आणि १९७९ पर्यंत अप्रकाशितच राहिले. दुसरे कारण अभिरुचीचे. विष्णुशास्त्री चिपळूणकर (१८५०–८२) ह्यांनी निबंधमालेच्या ८४ अंकांतून मराठी गद्याला जे संस्कृतप्रचुर, डौलदार, आवेशपूर्ण रूप दिले, ते पुढे गद्याचा मानदंड बनले. चिपळूणकरांची गद्यशक्ती निर्विवाद आहे. लोकहितवादी व फुले ह्यांच्यावर त्यांनी केलेल्या टीकेत मतभेदाबरोबर भाषेच्या अशुद्धतेचा उपहासही आहे, आणि त्याचाच परिणाम अधिक काळ टिकला. विचार पुढे इतरांनी स्वीकारले, तरी त्यांचे गद्य ‘गावंढळ’ हा शिक्का पुसला गेला नाही. मुक्ता, पदमनजी व ताराबाई ह्यांच्या लेखनावर असा प्रत्यक्ष हल्ला व्हावाही लागला नाही. मानदंड ठरल्यावर ते आपोआप त्याच्या बाहेर पडले. गंमत अशी, की ज्या काव्येतिहाससंग्रहाच्या स्थापनेत चिपळूणकरांचा सहभाग होता, त्याने अठराव्या शतकातील बखरी मोठ्या कष्टाने वाचविल्या. त्यांतील भाषाही बोलीच्या जवळची, पंडिती व्याकरणाला न जुमानणारीच होती. जुन्याला जी सवलत मिळाली, ती समकालीनांना मिळाली नाही.

आधुनिक कवितेच्या बाबतीत नियतकालिकांचे ऋण अधिक उघड आहे. केशवसुतांच्या (१८६६–१९०५) कविता त्यांच्या हयातीत करमणूक, काव्यरत्नावली, मनोरंजन अशा पत्रांतून विखुरलेल्या होत्या. संग्रह निघाला तो त्यांच्या मृत्यूनंतर. काव्यरत्नावलीच्या अंकात त्यांच्या कवितेशेजारी जुन्या वळणाच्या आर्या व श्लोक छापलेले दिसतात. नवे किती नवे होते, हे त्या शेजारामुळे जसे कळते, तसे संग्रहावरून कळत नाही.

पुनःशोधाचे कार्य विसाव्या शतकात काही थोड्या व्यक्तींनी व संस्थांनी केले. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने जुन्या अंकांचा व ग्रंथांचा संग्रह केला. शंकर गणेश दाते ह्यांच्या मराठी ग्रंथसूचीने (१९४३) १८०० ते १९३७ मधील ग्रंथांची नोंद करून शोधाला पाया दिला. अ. का. प्रियोळकर ह्यांनी दादोबा पांडुरंगांचे आत्मचरित्र १९४७ मध्ये प्रसिद्ध केले व माडगांवकरांचे वाङ्मय संकलित केले. न. र. फाटक ह्यांच्या संपादनाने मुंबईचे वर्णन व घाशीराम कोतवाल ही दोन्ही पुस्तके १९६१ मध्ये पुन्हा उपलब्ध झाली.

पुनर्मुद्रणात संहितेची शुद्धता हा कळीचा प्रश्न ठरतो. विष्णुभट गोडसे ह्यांनी १८५७ च्या धामधुमीतील उत्तर हिंदुस्थानच्या प्रवासाचा वृत्तांत १८८३ च्या सुमारास लिहून काढला. चिं. वि. वैद्य ह्यांनी तो माझा प्रवास म्हणून १९०७ मध्ये छापला, पण छापताना भाषा ‘सुधारली’ व मजकुरातही फेरफार केले. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार ह्यांनी १९६६ मध्ये काढलेली आवृत्ती वैद्यांच्या आवृत्तीशी ताडून पाहिली, म्हणजे वरसईच्या भिक्षुकाचा स्वतःचा आवाज किती झाकला गेला होता, ते दिसते. जवळजवळ साठ वर्षे महाराष्ट्राने जे पुस्तक आवडीने वाचले, त्यातील पुष्कळशी वाक्ये गोडसे भटजींची नव्हती. शतपत्रे, ज्ञानोदयातील निबंध वा मोचनगड ह्यांच्या बाबतीतही मूळ अंकातील पाठ, त्याचे विरामचिन्हांविना धावणारे लेखन व जुने शुद्धलेखन कायम ठेवणारी आवृत्ती आणि सामान्य वाचकासाठी काढलेली आवृत्ती ह्या दोन भिन्न गोष्टी मानल्या पाहिजेत. अलीकडे दुर्मिळ ग्रंथांच्या पृष्ठांच्या प्रतिमा संगणकावर पाहता येऊ लागल्याने पहिल्या प्रकारचे काम सुकर झाले आहे. ग्रंथालयांनी बांधणी करताना अंकांची वेष्टने व त्यांवरील जाहिराती, वर्गणीदारांच्या याद्या आणि संपादकाच्या सूचना काढून टाकल्या असल्यास मात्र ती हानी प्रतिमांनीही भरून येत नाही. अशा वेळी वेष्टनासह राहिलेला एखादा सुटा अंक, मग तो खाजगी संग्रहातला का असेना, बांधीव खंडापेक्षा अधिक मोलाचा ठरतो.